चौथा अर्ज

मॉरिसव्हिल
९ फेब्रुवारी २०२५

रेखा,

फोन करणार होतो, पण तूच मागे लिहिलं होतंस की फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि राहिलेल्या अर्ध्याला तू नुसतं "हो हो" म्हणतेस. मला तुझे हो नकोत, सल्ला हवा आहे. सुलभा असती तर तिनेच तुला लिहिलं असतं. तुम्हा दोघी मावसबहिणींच्या पत्रांचा खोका अजून तिच्या कपाटात आहे. मी तो उघडलेला नाही.

विषय मागच्या घराचा, म्हणजे बॅकयार्डमधल्या गेस्टहाऊसचा. ते बांधलं तेव्हा बेत असा होता की आम्ही दोघं म्हातारे मागे जाऊ आणि अनिश बायकोमुलांना घेऊन पुढच्या मोठ्या घरात येईल. अनिश सिअ‍ॅटल सोडणार नाही, हे घर बांधून झाल्यावर कळलं. जन्मभर मी पाणीपुरवठ्याचे पंप बसवले. विहिरीत पाणी आहे का ते आधी बघायचं असतं, एवढंसुद्धा मला सुचू नये?

सुलभा शेवटचे पाच महिने तिथे राहिली, कारण चाकांच्या खुर्चीला पुढच्या घराच्या पायऱ्या जमेनात. तिला जाऊन या महिन्यात दोन वर्षं झाली. ही दोन वर्षं मी रोज संध्याकाळी तिथला दिवा लावतो आणि जेवण झालं की जाऊन बंद करतो. शेजारच्या शुभाच्या हे लक्षात आलं तेव्हा ती म्हणाली, काका, तिथे माणूस ठेवा.

भाड्याची मला गरज नाही. पेन्शन पुरून उरते. पण आवारात कुणीतरी असावं. चार शब्द मराठीत बोलणारं. मंडळाच्या ग्रुपवर टाकायला मजकूर केलाय तो असा:

"स्वतंत्र गेस्टहाऊस भाड्याने देणे आहे. मराठी, शाकाहारी, शक्यतो नवरा-बायको, लहान मुलं नसलेले, घरच्यासारखे राहणारे हवेत. मूळ गाव कळवावे."

तू बावीस वर्षं हाउसिंगच्या ऑफिसात काढलीस, म्हणून एकदा नजर घाल. एक मात्र मी पक्कं ठरवलंय, नात्यातलं कुणी ठेवायचं नाही. माझा पुतण्या मिहीर आठवतो ना? तीन महिन्यांसाठी आला, दीड वर्ष राहिला, आणि शेवटी काय तर बोलणं बंद. नातेवाईक पाहुणा म्हणून आठ दिवस बरा. भाडेकरू म्हणून नको रे बाप्पा.

दिगंबर


श्रूजबरी
१७ फेब्रुवारी २०२५

भावजी,

मजकूर ग्रुपवर टाकला नसेल तर टाकू नका. टाकला असेल तर आधी काढा आणि मग पुढचं वाचा.

तुम्ही चार ओळींत एवढे नियम मोडलेत की आमच्या ऑफिसात ती जाहिरात नवीन लोकांना शिकवायला भिंतीवर लावली असती. कोण कुठल्या देशाचा, कुठल्या धर्माचा, कुठल्या रंगाचा, त्याला मुलं आहेत का, त्याला काही अपंगत्व आहे का, यावरून घर द्यायचं किंवा नाकारायचं नाही. "मराठी" गेलं. "मुलं नसलेले" गेलं. "शाकाहारी" हा शब्द कायद्यात नाही, पण तुम्ही तो कशासाठी घातलात ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. कुणीतरी तुम्हाला सांगेल की स्वतःच्या आवारात राहणाऱ्या लहान मालकाला कायद्यात थोडी सूट असते. असते. पण जाहिरातीतल्या शब्दांना ती लागत नाही, आणि तुम्ही अशा सवलतीचा फायदा घेणारे नाही आहात.

आणि मूळ गाव विचारायचं नाही. हा प्रश्न सगळ्यात आधी खोडा.

सुलूताई गेल्यावर तुमची पत्रं येतात याचं मला बरं वाटतं. मी तिला सगळं लिहायचे, तुम्हाला तेवढं लिहिता येत नाही. इथे थंडी आहे. आमची इमारत एका नव्या मालकाने विकत घेतली, त्यामुळे जिन्यावर रोज कुणी ना कुणी मोजपट्टी घेऊन फिरत असतं. खालच्या मजल्यावरची पोर्तुगीज म्हातारी गेली. बाकी ठीक.

रेखा


मॉरिसव्हिल
२६ फेब्रुवारी २०२५

रेखा,

मजकूर टाकलेला नव्हता. घाम फुटला वाचून.

बाकी सगळं मान्य. मुलं असली तर असोत, सुलभाने लावलेली कढीपत्त्याची कुंडी तेवढी उचलून आत घेतो. मटण खाल्लं तर खिडकी उघडी ठेवा म्हणेन. पण मूळ गावाचं मला पटलेलं नाही. अग, हा प्रश्न विचारल्याशिवाय आपण माणसाशी बोलायला सुरुवात तरी कशी करतो? "तुम्ही मूळचे कुठले?" एवढं विचारलं की समोरचा म्हणतो अचलपूर, की मी म्हणतो अरे, आमच्या आत्याचं घर तिथेच, की तो म्हणतो कुठल्या आळीत, आणि तासाभरात तो आपला होतो. यात कुणाला नाकारायचं कुठे येतं? माझी तर उलट तक्रार आहे की पंचेचाळीस वर्षं या देशात काढली, इथल्या माणसांशी हवामान सोडून बोलता येत नाही.

ही मला शिक्षा वाटते. ज्या एका प्रश्नाने माणूस जोडता येतो तोच विचारायचा नाही, आणि पगाराची स्लिप मात्र मागायची.

तरी तू म्हणशील तसं करेन. अर्ज कसा करायचा ते लिहून पाठव. इंग्लिशमध्ये तुझं वळण चांगलं आहे, माझी भाषा टेंडर नोटिशीसारखी होते.

दिगंबर


श्रूजबरी
८ मार्च २०२५

भावजी,

तुम्ही रागावून लिहिलंत, म्हणून मी एक सांगते. हे मी सुलूताईलाही सांगितलं नव्हतं.

१९८६ साली माझं लग्न मोडलं. एकोणतीस वर्षांची होते, दोन बॅगा होत्या. वूस्टरला आपल्यातल्याच एका कुटुंबाच्या तळघरात जागा होती. मी फोन केला तर मराठी ऐकून ते केवढे खूश झाले! या म्हणाले. गेले. त्यांनी तुमचा तोच प्रश्न विचारला, आपण मूळच्या कुठल्या? मी म्हटलं मिरजेची. त्यांचे कुणी मामा मिरजेला होते. मग आडनाव, मग माहेरचं आडनाव, मग मिस्टर कुठे असतात. मिस्टर आता नाहीत म्हटल्यावर बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. चहा दिला, पोहे दिले, आणि जागा दिली नाही. पोह्यांची बशी हातात घेऊन मी खात बसले होते, कारण टाकून उठणं बरं दिसलं नसतं. त्या प्रश्नाने माणूस जोडता येतो हे खरं. पण तो विचारणाऱ्याला जोडायचा असेल तरच.

पुढे मी अशाच नकारांच्या तक्रारी घेणाऱ्या ऑफिसात लागले, हा योगायोग नाही.

अर्ज सोबत पाठवलाय. दोन पानं. पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन, आधीच्या घरमालकाचं नाव. दुसऱ्या पानावर काम काय, किती माणसं, कधीपासून जागा हवी, सिगारेट ओढता का, वर्षाचा करार चालेल का, सध्याच्या जागेत किती वर्षं आहात आणि ती का सोडताय. शेवटी एक मोकळा प्रश्न, ही जागा का हवी. सगळ्यांना तेच प्रश्न. तुमच्या अटी आधीच लिहून ठेवा, आणि त्या पूर्ण करणारा जो पहिला अर्ज येईल त्याला जागा द्या.

तुमचा स्वभाव मला माहीत आहे. कुलकर्णी दिसलं की तुम्ही विरघळणार. म्हणून अर्ज टपालाने शुभाच्या पत्त्यावर मागवा. तिने पहिलं पान स्वतःकडे ठेवावं आणि दुसऱ्या पानावर आलेली तारीख आणि क्रमांक घालून तेवढंच तुम्हाला द्यावं. हे कायद्यात नाही, तुमच्यासाठी आहे.

जाहिरातीत लिहायला दोन गोष्टी कळवा. चाकांच्या खुर्चीचा उतार अजून आहे का? आणि पुढच्या घराचं दार उघडलं की मागच्या घरात ऐकू येतं का? मला नव्हे, कुणाही भाडेकरूला विचारावंसं वाटेल म्हणून.

आमच्या मजल्यावर आता दोनच बिऱ्हाडं राहिली. सगळी इमारत नवीन करणार म्हणतात. बघू.

रेखा


मॉरिसव्हिल
२३ मार्च २०२५

रेखा,

तुझं पत्र वाचलं, मग बाहेर जाऊन गवत कापलं, मग पुन्हा वाचलं. त्या लोकांचा राग आला, आणि मग आठवलं की मजकूर मीही तोच लिहिला होता. गाव खोडलं आहे.

उतार आहे. न्हाणीघरातले आधाराचे दांडे आहेत. दाराचं म्हणशील तर माझ्या स्वयंपाकघराचं जाळीचं दार कुरकुरतं. सुलभाला ते मागे ऐकू यायचं. मी चहा घेऊन निघालो की तिला आधीच कळायचं, आणि मी पोचेपर्यंत तिने टेबलावरचा पसारा बाजूला केलेला असायचा. त्या दाराला मी अजून तेल घातलेलं नाही. हे जाहिरातीत काही लिहिलं नाही.

जाहिरात लायब्ररीच्या बोर्डावर लावली, गावच्या पेपरात दिली आणि ग्रुपवरही टाकली. एक एप्रिलपासून अर्ज घ्यायचे. शुभा रबरी शिक्का घेऊन आलीय, तारखेचा. तिला हे काम मनापासून आवडलेलं दिसतं.

खरं सांगू? मी मागचं घर झाडून घेतलं, पडदे धुतले, आणि दिवसभर कुणाशी तरी बोलत असल्यासारखं वाटलं. कोण येणार ते माहीत नाही, पण कुणीतरी येणार आहे.

दिगंबर


मॉरिसव्हिल
१२ एप्रिल २०२५

रेखा,

तुझं पत्र नाही. बरी आहेस ना?

चार अर्ज आले. पहिल्याला जागा दोन महिन्यांपुरती हवी होती, माझी अट वर्षाची. दुसरा सिगारेट ओढतो, तसं त्याने प्रामाणिकपणे लिहिलं. तिसरा ७ एप्रिलला आला. शाळेची बस चालवते, एकटी, सध्या मुलीच्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपते. सगळ्या अटी पूर्ण. मोकळ्या प्रश्नाला उत्तर, "मला स्वतःचं दार हवं." बस्स एवढंच.

आणि चौथा ८ एप्रिलला आला. एक दिवस उशिरा.

रेखा, या चौथ्या अर्जाने माझी झोप घालवली आहे. टाइप केलेला आहे, एकही चूक नाही. निवृत्त. एक माणूस. सध्याच्या जागेत एकोणीस वर्षं. सोडण्याचं कारण, घरमालक बदलला. आणि ही जागा का हवी याच्या खाली लिहिलंय, मी भाषांतर करतो: "मी खूप वर्षं एकट्याने राहिलो आहे आणि मला त्याची सवय आहे. गप्पा मारायला कुणी असावं अशी अपेक्षा नाही. पण शेजारी कुणीतरी दार उघडून बाहेर येतं, हे कळेल अशी जागा मिळाली तर बरं."

माझ्याच वयाचा असावा. बायको गेलेली असावी. मला तर वाटलं मीच लिहिलंय. या माणसाला मी पाहिलेलं नाही, त्याचं नाव, गाव, जात, देश काही ठाऊक नाही, पण हा माणूस मागच्या घरात यावा असं मला फार वाटतं. त्याच्याशी मला काही बोलावंसुद्धा लागणार नाही.

शुभा म्हणते, काका, नियम तुमचेच, तुम्हीच ठरवा. एका दिवसाचा तर प्रश्न. तीन नंबरला सांगता येईल की जागा गेली. तिला कळणारही नाही. तू सांग. तू हो म्हणालीस तर मी चौथ्याला देतो, नाही म्हणालीस तर तिसऱ्याला. तुझं पत्र येईपर्यंत थांबतो.

दिगंबर


श्रूजबरी
१७ एप्रिल २०२५

भावजी,

नाही.

तिसऱ्या अर्जाने अटी पूर्ण केल्या आहेत आणि तो आधी आला आहे. तिसऱ्या अर्जाला जागा द्या. जागा असताना गेली म्हणून सांगणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला मागे लिहिलं होतं. त्या बाईला कळणार नाही हे खरं नाही. अशा माणसांना कळतं.

चौथ्याला साधं पत्र लिहा, की जागा दिली गेली, अर्जाबद्दल आभार. त्याचं मनाला लावून घेऊ नका. एकोणीस वर्षं एका जागी राहिलेला माणूस दुसरीकडेही राहील. आणि जो माणूस एक अर्ज टपालात टाकायला उशीर करतो, त्याची चूक तुमच्या डोक्यावर का?

पत्राला उशीर झाला कारण खोकी भरत होते. पुस्तकं फार निघाली. माझा पत्ता बदलणार आहे, नवा कळवीन.

तुम्ही विचारलंत म्हणून बरं वाटलं.

रेखा


मॉरिसव्हिल
११ मे २०२५

रेखा,

तू नाही म्हणालीस, मी तिसऱ्या अर्जाला जागा दिली. लोरेटाबाई एक मेला राहायला आल्या. एकसष्ट वर्षांच्या, उंच, कृष्णवर्णीय, आवाज असा की बसमधली साठ पोरं गप्प बसत असणार. पहाटे पाचला निघतात. पहिल्या रविवारी उतारावर खुर्ची टाकून बसल्या होत्या, मी कढीपत्त्याला पाणी घालायला गेलो, तर मला म्हणतात काय, "तुम्ही मूळचे कुठले?"

मला हसू आवरेना. त्यांना वाटलं काही चुकलं. मी म्हटलं नाही नाही, हा प्रश्न मी तुम्हाला विचारला असता तर गुन्हा होता, तुम्ही मला खुशाल विचारा. आणि मग मी त्यांना अमरावती सांगितली. दीड तास, रेखा. त्या ऐकत होत्या. किती वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

मागचा दिवा आता त्या लावतात. संध्याकाळी मला तिकडे जायला कारण राहिलेलं नाही, ते जरा जड जातं.

तू पत्ता बदलतेयस म्हणजे काय? मोठी जागा घेतलीस की काय या वयात? आता शुभाकडे जातो. उरलेल्या तिघांना नकाराची पत्रं लिहायची आहेत, म्हणून तिने पहिली पानं काढून ठेवलीत.

*

इथवर सकाळी लिहिलं होतं. आता संध्याकाळ आहे.

शुभाने तीन पानं टेबलावर ठेवली. चौथ्याचं पान मी मुद्दाम शेवटी घेतलं, त्याला जरा बरं पत्र लिहायचं म्हणून. नाव वाचलं. पत्ता वाचला. शुभा म्हणाली काका, पाणी देऊ का?

रेखा, तू मला फेब्रुवारीत लिहिलंस की इमारत विकली गेली. मार्चमध्ये लिहिलंस की दोनच बिऱ्हाडं राहिली. एप्रिलमध्ये खोकी भरत होतीस. मी तिन्ही पत्रं आत्ता समोर घेऊन बसलोय. तेव्हाही वाचली होती. वाचली आणि पुढच्या ओळीवर गेलो. जाळीच्या दाराचं मी जगात फक्त तुला लिहिलं होतं, आणि तेच माझ्या दारात परत आलं तरी मला कळलं नाही. मी कुणा म्हाताऱ्याची बायको मारून मोकळा झालो. गाव विचारलं असतं तर अर्जावर मिरज आलं असतं, तेही तूच खोडायला लावलंस.

आणि मी तुलाच विचारलं, चौथ्याला देऊ का म्हणून. आणि तू मला नाही म्हणालीस.

का ग? एक ओळ लिहायची होतीस. मी गेस्टहाऊसची जाहिरातच दिली नसती. नातेवाईक नको म्हणालो ते मिहीरसाठी होतं, तुझ्यासाठी नव्हतं. तू माझ्या डोक्यात नातेवाईक नव्हतीसच, तू पत्र होतीस.

पुढच्या घरात तीन बेडरूम रिकाम्या आहेत. खालची एक आहे, पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. ये. अर्ज नको, काही नको. ये फक्त.

दिगंबर


मॉरिसव्हिल
१ जून २०२५

रेखा,

उत्तर नाही. फोन केला, नंबर बंद आहे म्हणाले. हे पत्र जुन्याच पत्त्यावर टाकतोय, पोस्ट पुढे पाठवेल या आशेवर. सुलभाचा खोका काल उघडला, त्यात तुझा दुसरा कुठला पत्ता सापडेल म्हणून. पत्ता सापडला नाही. तू तिला किती लिहायचीस! दाढ दुखली, शेजारणीने सूप दिलं, बर्फात छत्री उडाली. मला तू हवामान लिहितेस.

नुसता पत्ता कळव.

दिगंबर


वूस्टर
२२ जून २०२५

भावजी,

तुमची दोन्ही पत्रं एकदम मिळाली, पोस्टाने तीन ठिकाणी फिरवून. नवा पत्ता पाकिटावर आहे. सीनियर लोकांची इमारत आहे, सातवा मजला, एक खोली आणि ओटा. पुस्तकं निम्मी वाटून टाकली. अगदी रस्त्यावर आले नव्हते, तेव्हा तुम्ही जीवाला लावून घेऊ नका.

तुम्ही ये म्हणालात. आत्ता येणार नाही. रागावून नाही. इथे वर्षाचा करार केलाय, आणि करार मोडू नका असं मी बावीस वर्षं लोकांना सांगत आले. शिवाय तुम्ही आता बोलावताय ते वाईट वाटून बोलावताय. वाईट वाटणं सहा महिन्यांत ओसरतं. मग मी खालच्या बेडरूममध्ये बसून तुमच्या पावलांवरून अंदाज करत राहीन की आज माझा कंटाळा आलाय का. दिवाळीत पाहुणी म्हणून येईन. नातेवाईक आठ दिवस बरा, हे तुमचंच आहे.

का लिहिलं नाही, विचारलंत. लिहिणार होते. अर्ज भरून पाच दिवस टेबलावर होता. रोज उचलायचे आणि रोज तुमचं ते पहिलं पत्र काढून "नात्यातलं कुणी नको" वाचायचे. मग वाटलं, तुम्ही नाव बघणारच नाही आहात, तर नात्याचा प्रश्न येतोच कुठे. तेवढ्यात लोरेटाबाईंनी आपला टाकला. पाच दिवस आधी टाकला असता तर तुमचा तीन नंबर मीच असते. याचा विचार मी करते, नाही असं नाही. कधीकधी फार करते.

तुम्ही विचारलंत, चौथ्याला देऊ का, तेव्हा मी एक दिवस "हो" लिहून ठेवला होता. खरंच लिहिला होता, पाकिटात घातला होता. तुम्हाला कधी कळलं नसतं. पण तिकडे सोफ्यावर झोपणारी एक बाई फोनची वाट बघत बसली होती, आणि मी ती पोह्यांची बशी हातात घेऊन बसलेली आहे भावजी. ते पाकीट मी फाडलं.

आता खरं कारण सांगते. मला एकदा बघायचं होतं. सुलूताईची बहीण, लग्न मोडलेली, कानाने अधू, मिरजेची, हे सगळं काढून घेतलं तर माझ्यात कुणी निवडावं असं काही राहतं का. म्हणून तसा अर्ज टाकला. आणि तुम्ही लिहिलंत की नाव, गाव काही ठाऊक नाही, पण हा माणूस मागच्या घरात यावा असं फार वाटतं. मला असं कुणी म्हटलेलं नाही. लग्नात नाही, नंतरही नाही. "नाही" लिहिताना ते पत्र माझ्या डाव्या हाताखाली होतं.

इथे माझं दार लिफ्टशेजारी आहे. दिवसभर लिफ्ट उघडते आणि मिटते, माणसं बाहेर पडतात आणि आपापल्या खोल्यांकडे जातात. संध्याकाळी कानातली यंत्रं काढून ठेवली की तेही ऐकू येत नाही. मग मी चहा करते आणि तुमचं बारा एप्रिलचं पत्र काढून वाचते.

त्या जाळीच्या दाराला तेल घालू नका.

रेखा